कपड्यावर बेतलेला देह

घाटकोपरच्या महात्मा गांधी मार्गावर, मुलुंडच्या झवेर रस्त्यावर किंवा बोरिवली स्थानकासमोरच्या बाजारात सणासुदीच्या संध्याकाळी तयार कपड्यांच्या दुकानापुढे घटकाभर उभे राहणाऱ्या मनुष्याच्या नजरेस एक विसंगती आल्यावाचून राहत नाही. काचेच्या आत जो पुतळा उभा असतो त्याची मान लांब, पोट सपाट आणि कंबर इतकी बारीक असते की तो देह जिवंत असता तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यास प्रथम डॉक्टरकडे नेले असते. आणि काचेच्या बाहेर जी गिऱ्हाइके ताटकळत असतात, त्यांत त्या घाटाची बाई शंभरांत एखादी सापडली तर सापडते. पुतळ्याच्या मागे जाऊन पाहण्याची ज्यांस खोड आहे त्यांना आणखी एक गंमत ठाऊक असते: समोरून चापूनचोपून बसलेला तो कुर्ता पाठीमागे मूठभर चुण्या गोळा करून टाचण्यांनी आवळलेला असतो, म्हणजे तो त्या पुतळ्याच्याही मापाचा नसतो.

व्यापारी हा जात्या हिशेबी. आपल्या गिऱ्हाइकासारखे अंग दाखवून माल खपवावा, एवढी अक्कल त्यास नसेल असे मानणे कठीण. मग ज्या देहाची माणसे त्याच्या दुकानात क्वचितच पाऊल टाकतात, त्याच देहावर तो आपला माल का टांगतो? या प्रश्नास पाश्चात्त्यांचे अनुकरण आणि पुरुषांची अभिरुची अशी दोन उत्तरे तयार असतात, व दोहोंतही तथ्यांश आहे. परंतु मॉडेलच्या देहाचे माप प्रत्यक्षात जेथे ठरते ते ठिकाण म्हणजे कटिंग मास्तराचे मेज होय, आणि सौंदर्याचा प्रश्न तेथे बऱ्याच उशिरा दाखल होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याचाच खुलासा येथे करावयाचा आहे.

घाटकोपरच्या छापखान्यातील देवता

राजा रविवर्म्याने १८९४ साली काढलेला शिळाछापखाना १८९९ साली लोणावळ्याजवळ मळवलीस हलला. त्यापूर्वी तो घाटकोपरास होता. त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती आणि शकुंतला महाराष्ट्राच्या भिंतींवर दोन पिढ्या टांगलेल्या होत्या. त्यांचे दंड गोल, खांदे भरलेले आणि चेहऱ्यावर खात्यापित्या घरचे तेज. ज्या देशात दुष्काळाची आठवण ताजी असते तेथे अंगावरचे मांस ही सुबत्तेची पावती ठरते, आणि हाडे दिसू लागलेल्या माणसास पाप्याचे पितर म्हणतात.

पण त्या चित्रांतील वस्त्राकडे पाहणे अधिक उद्बोधक आहे. नऊवारी लुगड्याला माप नसते. तेच लुगडे सोळा वर्षांची मुलगी नेसते आणि चार बाळंतपणे झालेली तिची आईही नेसते. निऱ्या कमीअधिक होतात, कासोटा सैल किंवा घट्ट होतो, व वस्त्र देहाची समजूत काढते. चोळी तेवढी शिवलेली, पण तीही अंगावर माप घेऊन. आणि शिंपी आतल्या बाजूस दोन बोटांचा दाब राखून ठेवी, म्हणजे अंग सुटले की तो दाब उसवून चोळी वाढविता येई. गिरण्यांच्या काळातही हाच शिरस्ता चालू राहिला. गिरणी वारावर कापड विकी, आणि ते अंगास बसविण्याची जबाबदारी नाक्यावरच्या शिंप्याकडे असे. त्यामुळे जाहिरातदारास मुखवटा हवा असे, माप नको असे. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या, तेव्हा त्यांच्या कमरेचा घेर किती इंच आहे याची चौकशी करण्याचे कोणासही प्रयोजन नव्हते.

सौंदर्यस्पर्धांनी इंचाचा प्रवेश घडवून आणला. मेहेर कॅस्टेलिनो १९६४ साली पहिल्या फेमिना मिस इंडिया झाल्या. १९६६ साली मुंबईत वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या रीटा फारिया मिस वर्ल्ड झाल्या, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये ट्विगी या टोपणनावाची सोळा वर्षांची, काडीसारखी मुलगी वर्षाचा चेहरा ठरली. तथापि खरा पालट १९९१ नंतरचा. बाजार खुला झाला, तयार कपड्यांची दुकाने उपनगरांत पसरली, १९९२ साली मधू सप्रे मिस युनिव्हर्स स्पर्धेत तिसऱ्या आल्या, १९९६ साली उज्ज्वला राऊत ‘लुक ऑफ द इयर’ ठरून पुढे परदेशी रॅम्पवर गेल्या, आणि २००० साली दिल्लीत पहिला इंडिया फॅशन वीक भरला. पूर्वी देह आधी असे व कपडा मागाहून येई. आता कपडा आधी तयार होऊ लागला. हाताने वळलेल्या मोदकात आईच्या मुठीला वाटेल तेवढे सारण बसते आणि पारी त्याप्रमाणे मोठी-लहान होते, परंतु साचा एकदा घरात आला की सारण किती घ्यायचे ते साचा सांगतो. तयार कपड्याने मनुष्यदेहाची गत याहून फारशी वेगळी केलेली नाही.

एक सॅम्पल, वीस अंगे

हा साचा तयार कसा होतो, ते अंधेरी पूर्वेस मरोळ-साकीनाक्याच्या बाजूला कपड्यांच्या कारखान्यांत काम केलेला कोणीही कटिंग मास्तर सांगू शकेल. कपडा दुकानात येण्याच्या कित्येक महिने आधी त्याचे सॅम्पल शिवले जाते. कोऱ्या कापडाचे एक-दोन प्रयोग डमीवर टाचून पाहिल्यानंतर खऱ्या कापडावर कात्री चालते. आणि जरदोजीचे काम असेल तर कारागीर खाटेवर कापड ताणून आठवडे न् आठवडे त्यावर सुई चालवितात. इतक्या खर्चाची वस्तू पाच मापांत शिवून ठेवणे कोणास परवडणार? म्हणून ती एकाच मापात शिवतात. त्या एका जिनसेने पुढे रॅम्पवर चालायचे असते, मासिकाच्या छायाचित्रासाठी जायचे असते आणि घाऊक खरेदीदारासमोरही उभे राहायचे असते.

आता शोच्या आदल्या दिवशीचे फिटिंग डोळ्यांपुढे आणावे. पंधरा-वीस मुली, तीस-चाळीस पोशाख. कोणी काय घालायचे हे त्याच दिवशी ठरते आणि रात्री पुन्हा बदलते. एखादीस ताप येतो, एखादीचे विमान चुकते, आणि तिचा पोशाख दुसरीच्या अंगावर चढवावा लागतो. ही व्यवस्था चालावयाची तर कोणताही कपडा कोणत्याही मुलीस बसला पाहिजे. म्हणजेच सर्व मुली मापाने एकसारख्या असल्या पाहिजेत. यंत्राचा सुटा भाग ज्या कारणाने प्रमाणित करतात, त्याच कारणाने येथे मनुष्यदेह प्रमाणित केला जातो. उंची पाच फूट आठ-नऊ इंच; छाती, कंबर आणि नितंब यांची मापे ठरलेली. वर्सोव्याच्या आरामनगरात जाहिरातीच्या ऑडिशनला उभी राहणारी मुलगी कॅमेऱ्यास नाव, वय व उंची सांगते आणि मान वळवून दोन्ही बाजूंचे प्रोफाईल दाखविते. रॅम्पच्या निवडीत यावर टेपची भर पडते. तेथे ‘नॉट फिट’ हे दोन शब्द ऐकून परतणाऱ्या मुलीस वाटते की आपण कुरूप ठरलो. पुष्कळदा तिचा दोष इतकाच असतो की पूर्वीच शिवून ठेवलेला एक झगा तिच्या नितंबांवरून खाली उतरणार नसतो.

प्रत्येकाने राखलेला हातचा

एकच माप हवे, येथवर ठीक. परंतु ते इतके लहान का? मधले, सर्वसाधारण माप का धरू नये?

याचे उत्तर शिवणकामातल्या एका साध्या विषमतेत आहे. सैल कपडा पाठीमागे टाचण्यांनी आवळून घट्ट करता येतो, पण घट्ट कपड्यात ऐनवेळी चार इंच कापड आणावयाचे कोठून? बारीक अंगास मोठा कपडा चालवून नेता येतो, भरल्या अंगास लहान कपडा चालत नाही. म्हणून या साखळीतील प्रत्येक जण आपल्या बाजूने थोडा हातचा राखतो. डिझायनर म्हणतो, येणाऱ्या मुली बारीक असतील, तेव्हा सॅम्पल लहानच शिवावे, म्हणजे पाठीमागे चुण्या दिसणार नाहीत. एजन्सी म्हणते, सॅम्पल लहान येते, तेव्हा त्याहून अर्धा इंच कमी असलेलीच मुलगी पाठवावी, म्हणजे परत येण्याची नामुष्की नको. मुलगी म्हणते, एजन्सीची अट चोवीस इंचांची आहे, आपण साडेतेवीसावर राहावे, म्हणजे एखादे दिवशी जेवण जास्त झाले तरी चिंता नाही. आणि पुढच्या हंगामात डिझायनर या मुलींकडे पाहून पुन्हा टेप काढतो. कोणीही दुष्टपणाने वागलेले नाही, प्रत्येकाने आपल्यापुरती खबरदारी घेतली. तरीही हंगामामागून हंगाम माप खालीच सरकते, कारण वर सरकविण्यात ज्याचा फायदा आहे असा एकही मनुष्य त्या साखळीत नाही. विचारणा केली असता डिझायनर एजन्सीकडे बोट दाखवितो, एजन्सी मासिकाकडे आणि मासिक डिझायनरकडे. आणि तिघेही, माझ्या मते, खरेच बोलत असतात.

उंचीचे कारण निराळे. फॅशनच्या विद्यालयात पहिल्या वर्षी जी मनुष्याकृती काढावयास शिकवितात ती नऊ मस्तकांची असते, म्हणजे डोक्याची लांबी नऊदा मोजली की पाय संपतात; खऱ्या मनुष्याचा देह साडेसात मस्तकांत आटोपतो. जास्तीची दीड मस्तके बहुतेक पायांत घातलेली असतात, कारण लांब पायांवर कापडाची रेघ अखंड उतरते. कागदावर कपड्याचा जन्म अशा देहासाठी होतो जो पृथ्वीवर नाही, आणि मग त्यास सर्वांत जवळचा असा जिवंत देह शोधावा लागतो. भारतीय प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटीमीटर. मॉडेलची १७३ ते १७५. मध्ये एक वीतभर अंतर.

कॅमेराही यास हातभार लावतो. आपण दोन डोळ्यांनी पाहतो म्हणून वस्तूची खोली कळते, दंड गोल आहे हे ध्यानात येते. भिंगास एकच डोळा, त्यामुळे गोलाई छायाचित्रात सपाट रुंदी होऊन उतरते. त्यातून समोरून प्रखर दिवे पडले की सावल्या पुसल्या जातात, व गालाचे हाड वर आलेले असल्याखेरीज चेहऱ्यास उठाव येत नाही.

चौकट: पंचावन्न किलोंचे दोन अर्थ

वजनाचे किलो घ्यावेत, उंचीच्या मीटरांचा वर्ग करावा आणि पहिल्यास दुसऱ्याने भागावे. येणाऱ्या आकड्यास देहभार-निर्देशांक किंवा बीएमआय म्हणतात. १८.५च्या खाली तो कृशता दाखवितो. भारतीयांमध्ये २३च्या पुढे वजन जास्त आणि २५च्या पुढे लठ्ठपणा धरण्याची वैद्यकांची शिफारस आहे.

१७५ सेंटीमीटर उंचीची मॉडेल, वजन ५५ किलो: ५५ ÷ (१.७५ × १.७५) = १८.०, कृश.
१५२ सेंटीमीटर उंचीची गृहिणी, वजन तेच ५५ किलो: ५५ ÷ (१.५२ × १.५२) = २३.८, जास्त वजनाची.

वजनकाट्यावर दोघी सारख्याच. ‘मॉडेल एवढे वजन’ हे ध्येय ठेवणाऱ्या बाईने हा भागाकार आधी करून पाहावा. हे सूत्र बेल्जियमच्या केतले या गणितज्ञाने १८३०च्या दशकात लोकसमूहांची सरासरी अभ्यासण्यासाठी काढले, आणि १९७२ साली अन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्यास आजचे नाव दिले. स्नायू किती व चरबी किती, हे त्यातून कळत नाही.

डोळ्यास लागलेली सवय

येथवर जो देह दिसला तो उत्पादनाच्या सोयीचा होता. तो सुंदर केव्हा ठरला? मेंदू ‘सर्वसामान्य’ कशास म्हणावे हे जन्मतः ठरवून आलेला नसतो. समोर जे वारंवार येते त्याची तो नकळत सरासरी काढीत असतो, आणि ती सरासरी त्याची मोजपट्टी होते. प्रयोगशाळेत काही मिनिटे केवळ बारीक केलेल्या देहांची चित्रे दाखविली, तर पाहणाऱ्यास त्यानंतर बारीक देह अधिक स्वाभाविक वाटू लागतात. जाड देहांची दाखविली तर उलट घडते. काही मिनिटांत जे होते ते अंधेरीहून चर्चगेटपर्यंत रोज लागणाऱ्या जाहिरातींच्या फलकांनी आणि हातातल्या मोबाईलने किती होत असेल, याचा अंदाज वाचकानेच बांधावा.

फिजी बेटांवरचे उदाहरण या विषयात नेहमी देतात, व ते देण्याजोगेच आहे. तेथे भरदार देहाचा मान होता आणि पाहुण्यास आग्रह करकरून खाऊ घालण्याची चाल होती. नाद्रोगा प्रांतात १९९५ साली दूरचित्रवाणी आली. अॅन बेकर या संशोधिकेने त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ साली तेथल्या शाळकरी मुलींना एकच प्रश्नावली दिली. खाण्याविषयीची वृत्ती चिंताजनक असलेल्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले होते, आणि वजन उतरविण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणे, जे पहिल्या पाहणीत एकीनेही सांगितले नव्हते, ते दुसऱ्या पाहणीत ११.३ टक्के मुलींनी सांगितले. मुली दोन्ही वेळच्या निराळ्या होत्या व संख्याही लहान होती, म्हणून सर्व दोष एका पेटीवर टाकणे शास्त्रास धरून होणार नाही; परंतु तीन वर्षांत एवढा फरक पडावा ही बाब दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

आपल्या देशात याला आणखी एक विचित्र कडा आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत १८.७ टक्के कृश आहेत आणि २४ टक्के जास्त वजनाच्या. ज्या कृशतेवर सरकार पोषण आहाराच्या योजना आखते, तीच थोडी उंच होऊन, प्रकाशात उभी राहिली की तिला मानधन मिळते.

कायद्याची टेप

उपासमारीने देह काय करतो हे अन्सेल कीज यांनीच १९४४-४५ साली मिनेसोटात ३६ धडधाकट तरुणांवर प्रयोग करून दाखविले होते: सहा महिने अर्धपोटी ठेवल्यावर त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले, नाडी मंदावली, हातपाय गार पडले, आणि मनात अन्नाखेरीज दुसरा विचार उरेना. स्त्रियांत याच्या जोडीस पाळी थांबते व हाडे ठिसूळ होतात. चरबी फार घटली की मेंदू पुनरुत्पादनाचा खर्च बंद करतो.

२००६ साली उरुग्वेची लुइसेल रामोस आणि ब्राझीलची आना कारोलिना रेस्तोन या दोन मॉडेल काही महिन्यांच्या अंतराने मरण पावल्या, आणि त्याच वर्षी माद्रिदच्या फॅशन वीकने १८च्या खाली निर्देशांक असलेल्या मॉडेलना रॅम्पवर बंदी घातली. इस्रायलने २०१२ साली कायदा करून १८.५ ही मर्यादा घातली व बारीक केलेल्या छायाचित्रावर तसे नमूद करण्याची सक्ती केली. फ्रान्सने आकड्याऐवजी डॉक्टरचा दाखला मागितला. ती तजवीज २०१७ साली अंमलात आली. मला फ्रान्सची रीत अधिक समंजस वाटते, कारण निर्देशांकाची कसोटी पाणी पिऊनही चुकविता येते. आपल्याकडे अशा धर्तीचा कायदा नाही. जाहिरात मानक परिषदेने २०२२ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, एखाद्याचे शरीर ठरीव आदर्शात बसत नाही म्हणून तो अपयशी ठरला असे सुचवू नये, एवढे कलम आहे. मुंबई महानगरपालिकेने मात्र २०१३ साली पुतळ्यांचा विषय सभागृहात घेतला होता! अंतर्वस्त्रे घातलेले पुतळे रस्त्यावरून हटवावेत असा एका नगरसेविकेचा ठराव होता व सभागृहाने तो संमतही केला. पुतळ्याच्या अंगावर काय आहे यावर मोठी चर्चा झाली. ते अंग कोणत्या मापाचे आहे, हा प्रश्न चर्चेत डोकावला नाही.

मोठ्या मापाची शिलाई

२०१६च्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये ‘ऑल’ या मोठ्या मापाच्या कपड्यांच्या दुकानांसाठी शिल्पा चव्हाण यांनी भरल्या अंगाच्या मॉडेलना घेऊन शो केला, आणि पुढल्या वर्षी गोव्याच्या वेंडेल रॉड्रिक्स यांनीही त्याच दुकानांसाठी केला. वर्तमानपत्रांनी याचे कौतुक केले, ते योग्यच. पण असे शो वेगळे काढून का करावे लागतात, याचे कारण पुन्हा मेजाशीच सापडते.

लहान सॅम्पलचा फर्मा घेऊन त्यावरून मोठी मापे काढण्याच्या क्रियेस ग्रेडिंग म्हणतात. एकेका मापामागे छाती, कंबर व नितंबांत सुमारे दोन इंच वाढवितात, खांद्यात जेमतेम पाव-अर्धा इंच. दोन-तीन मापांपर्यंत हे निभते. पुढे फसते, कारण देह सर्व बाजूंनी सारखा वाढत नाही. पोट सुटले म्हणून हात लांब होत नाहीत. दंड मात्र जाड होतात, आणि बाहीचे भोक ग्रेडिंगने वाढविले की ते काखेखाली लोंबू लागते. मोठ्या मापाचा चांगला कपडा हवा तर त्याचा फर्मा मुळापासून निराळा काढावा लागतो, म्हणजे दुसरे सॅम्पल, दुसरी डमी आणि दुसरी मॉडेल. आणि या दुसऱ्या मॉडेलमध्येही उंची व घाटदार कंबर हवीच असते, इतकी की या धंद्यात कंबर बारीक राखून नितंबांना कापसाच्या गाद्या बांधण्याचा प्रकारही चालतो.

मूळ फर्माच परदेशी मापांवरून आलेला, ही आपली आणखी एक अडचण. ती दूर करण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, ‘इंडिया साइझ’ नावाचा उपक्रम हाती घेतला: मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५,००० स्त्रीपुरुषांचे देह त्रिमिती यंत्राने मोजून भारतीय मापांचा तक्ता बनवावयाचा. या तक्त्याने एम आणि एल यांना काही अर्थ येईल. रॅम्पवरचे सॅम्पल त्याने बदलेल असे मला वाटत नाही, कारण ते विकण्यासाठी शिवलेले नसतेच.

तोवर मोबाईलवर कपडे मागविणाऱ्यांनी चित्राखालची बारीक ओळ वाचण्याची सवय लावून घ्यावी. ‘मॉडेलची उंची ५ फूट ८ इंच, घातलेले माप एस’ असे तेथे लिहिलेले असते. त्या मुलीच्या पोटरीखाली थांबणारा ४६ इंचांचा कुर्ता पाच फूट उंचीच्या बाईच्या घोट्यापर्यंत उतरणार. तेव्हा चित्राकडे न पाहता घरातला अंगास बसणारा जुना कुर्ता खांद्यापासून घेरापर्यंत टेपने मोजावा, छातीचे माप बगलेखाली धरावे, आणि हे दोन आकडे विक्रेत्याच्या तक्त्याशी ताडून मगच पैसे भरावेत. उरलेली लांबी नाक्यावरचा आल्टरेशनवाला कापून देतो. त्यास दोन बोटे कापड आत दुमडून ठेवावयास सांगावे.